मुळे मॅडमची सुट्टी

डिसेंबर सरत आला की शाळेच्या ऑफिसात नवं कॅलेंडर यायचं. ते भिंतीवर लागायच्या आत मुळे मॅडम उचलून घ्यायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि जानेवारी-फेब्रुवारीकडे न बघता थेट मार्चचं पान काढायच्या. होळी, पाडवा, रामनवमी यांतला कोणता सण दुसऱ्या शनिवारला किंवा रविवारला खेटून येतोय, हे त्या बोट फिरवून शोधत. सापडलं की ऑफिसातूनच ओरडायच्या, "सापडले! तीन दिवस सापडले!" आमचे हेडमास्तर तेलुगू होते. त्यांना पहिल्या वर्षी वाटलं, शाळेची हरवलेली किल्ली सापडली.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा मुळे मॅडम तिथे बऱ्याच वर्षांपासून समाजशास्त्र शिकवत होत्या. मराठी माध्यमाचे वर्ग तेव्हा भरलेले असत. मॅडम बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना पुढे झुकून चालणाऱ्या. वर्गात अगदी छापील मराठी बोलायच्या. वर्गाचा उंबरठा ओलांडला की माहेरची, पैनगंगेकाठची बोली सुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वानखेडे सर, तुमी उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करता?" मार्चला अजून अवकाश होता. मी म्हटलं, "काही नाही, गावी जातो." त्यांनी मान हलवली. "ते मे महिन्याचं झालं. मी सुरुवातीचं विचारून राह्यली. उन्हाळा सगळ्याइच्या शिव्या खात येते बिचारा. कोनी तरी त्याले या, बसा म्हनाले पायजे का नाई?"

उन्हाळ्याला 'या, बसा' म्हणायचे ते तीन दिवस. आमच्याकडे मार्चच्या मध्यावर शाळा अर्ध्या दिवसाची होते. त्याला सगळे ओंटीपूट म्हणतात. दुपारी पोरं घरी जातात, रस्ते रिकामे होतात, हैदराबाद-नागपूर हमरस्त्यावरचे ट्रक ढाब्यांच्या सावलीला लागतात. त्याच सुमाराला मॅडमची सुट्टी यायची. पहिल्या दिवशी त्यांच्या घरी सण. पाडवा जुळला तर गुढी, आणि शेजारच्या तेलुगू घरातून आलेली उगादीची पच्चडी, कडुनिंबाची फुलं, चिंच, गूळ, कैरी घातलेली. ती आधी सगळ्यांना वाटीभर प्यावी लागे. दुसऱ्या दिवशी जंगलात सहल. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचे कूलर खाली काढून धुवायचे, त्यांना नवं गवत लावायचं आणि पहिल्या गार झोतासमोर सगळ्यांनी मिळून टरबूज खायचं. ज्या वर्षी सण आणि रविवार जुळत नसत, त्या वर्षी मॅडम सगळ्यांना एकेक रजा टाकायला लावत. "सुट्टी सरकार देते," त्या म्हणत, "पन सन आपल्याले करा लागते."

सहल ठरलेल्या जागी जायची. नार्नूरच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की सागाच्या जंगलात एक ओढा लागतो. इतर ठिकाणी तो होळीलाच आटतो, पण एका वळणावर खडकात खोल डोह आहे, तिथे पाणी राहतं. वर मोहाची झाडं. त्या दिवसांत खाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि सगळ्या जंगलाला गोड, किंचित आंबूस वास असतो. जवळच्या गोंड पाड्यातल्या बाया पहाटेच फुलं वेचून गेलेल्या असत. तिथे आम्ही दहा-पंधरा माणसं जीप करून जायचो. तीन दगडांच्या चुली, वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, आणि दुपारभर गाण्यांच्या भेंड्या.

त्या भेंड्यांचा राजा दिगू होता.

दिगू म्हणजे दिगंबर, मॅडमचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले. मॅडमनी त्याला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं, असं त्याच सांगत, गाडी चुकल्यासारखं. दिगू हुशार होता. हैदराबादला इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी परत आला. हॉस्टेलच्या खोलीत तो नसलेल्या माणसांशी बोलायला लागला होता. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ती माणसं गेली, पण दिगूही जरा मागे राहिल्यासारखा झाला. हाक मारली की त्याला ओ द्यायला वेळ लागे. उंच इतका, की कोणत्याही घरात शिरताना वाकायचा, आणि बाहेर मोकळ्यावर आला तरी क्षणभर वाकलेलाच राहायचा.

आळीतलं कोणी त्याला वेडा म्हटलं तर मॅडम थांबून, न चिडता सांगायच्या, "वेडा नोको म्हनू, बाबू. त्याच्या डोक्यात जराशी गर्दी हाये, एवढंच." वर्षभर दिगू घरातच असे. फक्त त्या तीन दिवसांत तो माणसांत यायचा. डोहावर पोहोचलं की सतरंजी तो अंथरायचा, चारही कोपऱ्यांवर दगड तो ठेवायचा. भेंड्या सुरू झाल्या की कोणत्याही अक्षरावर त्याच्याकडे गाणं तयार असायचं, आणि एकदा सुरू केलं की शेवटच्या कडव्यापर्यंत. मध्ये थांबवलेलं त्याला चालत नसे. आम्ही सगळे गप्प बसून ऐकायचो. मॅडम मात्र त्याच्याकडे बघायच्या नाहीत. भाकरी थापत राहायच्या आणि त्यांचे ओठ त्या गाण्याबरोबर हलत असायचे.

दिगूला एकच गोष्ट सोसायची नाही, ती म्हणजे रडणं. कोणी रडायला लागलं की तो दोन्ही कान दाबून तिथून चालू पडे. रागानं नव्हे, घाबरून. थोड्या वेळानं आपणच परत येई. त्याला घेऊन जाताना वाटेत तान्ह्या मुलाचं घर असलं की मॅडम रस्ता बदलायच्या.

मग एका वर्षी पाडवा नेमका जुळून आला. राजन्ना सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. ते या वेळी बायको आणि चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. जेवणं व्हायची होती. मुलगी चुलीजवळ खेळत होती आणि तिनं उकळत्या आमटीच्या पातेल्याला हात घातला. पातेलं कलंडलं. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. हात कोपरापर्यंत भाजला होता. आई किंचाळायला लागली, कोणी पाणी आणायला धावलं, कोणी जीपकडे. दिगू उठला, कान दाबले आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला झाडांत चालत गेला. मॅडमनी त्याला जाताना पाहिलं. त्यांच्या मांडीवर ती पोर होती. त्यांनीच तिचा हात पाण्यात धरला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "येईन तो. तुमी पोरीले न्या."

जीप पोरीला घेऊन इचोड्याला गेली. आम्ही उरलेले दिगूची वाट बघत बसलो. ऊन खडकावरून उतरलं. मग हाका मारायला सुरुवात केली. पाड्यातली माणसं आली, त्यांनी माग काढला. खडकाळ रानात तो थोड्या अंतरावरच तुटला. अंधार पडायच्या आत डोहात बुड्या मारून झाल्या. डोहात तो नव्हता.

पुढचे कित्येक दिवस आम्ही ते जंगल पालथं घातलं. पोलिसांत गेलो. तिथल्या माणसानं लिहून घेता घेता विचारलं, "दिमाग से कमजोर था क्या?" मॅडम म्हणाल्या, "नहीं साहब. दिमाग में भीड़ थी." त्यानं लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दिगूचा फोटो आणि मॅडमचा फोन नंबर छापून आम्ही आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद, मंचेरियाल, जिथे जिथे बस थांबते तिथे चिकटवला. उन्हानं ते कागद महिनाभरात पांढरे पडले. मॅडमनी परत छापले.

मॅडम चार दिवसांत शाळेत परत रुजू झाल्या. समाजशास्त्राचा धडा तसाच स्वच्छ मराठीत. त्यांच्यापुढे उभं राहायचं धाडस आम्हालाच होत नव्हतं. राजन्ना सर तर त्यांना टाळायचेच. एक दिवस मॅडम त्यांच्या घरी गेल्या, मला घेऊन. पोरीच्या हाताला पट्टी होती. मॅडम तिच्याशी बराच वेळ भातुकली खेळल्या आणि निघताना राजन्ना सरांना तेलुगूत म्हणाल्या, "पोर रडली. हात भाजल्यावर रडायचं नाही तर काय करायचं?" राजन्ना सर हात जोडून नुसते उभे होते.

वर्ष उलटलं. डिसेंबरात कॅलेंडर आलं तेव्हा ते आधी उचलून कोणी लपवावं का, असा विचार माझ्या मनात आला. पण मॅडम आल्या, त्यांनी ते घेतलं, मार्चचं पान काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "होळीले जुळते." ओरडल्या नाहीत, इतकाच फरक.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "मॅडम, या वर्षी राहू दे."

"काऊन?"

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "सर, त्याले वर्षभरातलं दुसरं काई ध्यानात राहत नाई. हे तीन दिवस राह्यतात. तो जिथं असन तिथून याच दिवसात तिकडं येईन. आन आला, तर तिथं सतरंजी पायजे, चूल पायजे, गानं पायजे. लोकं तोंड पाडून बसले दिसले तर तो झाडामागूनच परत जाईन."

मग त्यांनी अट सांगितली. ज्याला यायचं त्यानं यावं, पण तिथे कोणी रडायचं नाही. डोळे पुसायचे नाहीत. आवाज चढवून गायचं, मोठ्यानं हसायचं. "मले सहानभूती नोको. मले सहल पायजे," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी आम्ही सगळेच गेलो. इतकी भयंकर सहल मी कधी केली नाही. हेडमास्तरांनी विनोद सांगितले. बायका टाळ्या वाजवून गायल्या. मॅडमनी स्वतः सतरंजी घातली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. भेंड्यांत एका अक्षरावर सगळे अडले. दिगू असता तर अडलो नसतो, हे प्रत्येकाच्या मनात आलं, तशी मॅडमनी त्या अक्षराचं एक गाणं भसाड्या आवाजात, सूर सोडून, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. गाताना त्या ओढ्याच्या वरच्या अंगाकडे बघत होत्या. तिकडे एक होला घुमत होता आणि वाळकी पानं पडत होती. एवढंच.

निघताना त्यांनी एका पानात चार भाकरी, भाजी आणि गुळाचा खडा बांधून खडकावर ठेवला. मी पाहिलं न पाहिलंसं केलं.

असं वर्षामागून वर्ष चाललं. मध्ये मध्ये फोन यायचे. कागदावरचा नंबर कोणीतरी लावायचा. कधी उटनूरच्या बाजारातून, कधी रेल्वे स्टेशनाबाहेरून. तसला माणूस दिसला, या. मॅडम ऐकून घेत, प्रश्न विचारत, आणि रविवार असो की नसो, निघत. बहुतेक वेळा मी गाडी काढायचो.

एकदा बेज्जूरहून फोन आला. प्राणहितेच्या अलीकडचं ते गाव, सगळं जंगल. उंच माणूस आहे, दाढी वाढलीय, देवळाच्या ओसरीवर पडून असतो, मराठीत काहीतरी पुटपुटतो. मराठीत म्हटल्यावर मॅडमचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. आम्ही सकाळी निघालो. वाटभर त्यांच्या मांडीवर पिशवी होती, तिच्यात दिगूचा शर्ट, चप्पल, त्याच्या गोळ्या आणि फरसाणाचा पुडा. गावात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओसरीवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून निजला होता. लांबून पाय दिसत होते. मॅडम थांबल्या. मला म्हणाल्या, "तुमी नोका येऊ." एकट्या गेल्या, त्याच्यापाशी बसल्या, खांद्याला हात लावला.

तो वळला. तो दिगू नव्हता. साठीचा कोणी तरी, एका डोळ्यात फूल पडलेलं.

मला वाटलं, त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. त्याला विचारलं, "कोन गावचे, बाबा?" त्याला सांगता येईना. मग त्यांनी हॉटेलातून भात-वरण मागवलं, त्याला भरवलं, पाणी मागून त्याचं तोंड धुतलं. पिशवीतला शर्ट काढला, क्षणभर हातात धरला आणि त्याला घातला. शर्ट त्याला फार मोठा झाला. बाह्या दुमडताना म्हणाल्या, "कोनाचा तरी असनच ना हा." गोळ्या आणि चप्पल मात्र परत पिशवीत ठेवल्या. परतताना कागजनगरच्या पुढे आलो तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "सर, याच्या बहिनीले कोनी फोन करन का हो?"

मी गाडी चालवत राहिलो.

सहलीची माणसं कमी होत गेली. यात कोणाचा दोष नव्हता. हेडमास्तर निवृत्त होऊन करीमनगरला गेले. राजन्ना सरांची बदली झाली. मराठी माध्यमाच्या वर्गांत पोरं उरेनात, तशा जागाही गेल्या. नवे शिक्षक आले, त्यांना ही गोष्ट कोणीतरी हळू आवाजात सांगायचं आणि मग ते आणखीच अंग चोरायचे. एक नवी बाई हौसेनं आली होती. तिनं मॅडमना सतरंजीवर दगड ठेवताना पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मॅडमनी तिला मोठ्या मायेनं सांगितलं, "बाई, तू जीपमंदी बस बरं थोडी." पुढच्या वर्षी ती आली नाही.

शेवटी शेवटी आम्ही तिघंच असायचो. मॅडम, मी आणि माझी बायको. तीन माणसांत भेंड्या होत नाहीत. मॅडमनी मोबाइलवर गाणी लावायला सुरुवात केली, आवाज पूर्ण मोठा करून. त्या जंगलात तो आवाज इतका केविलवाणा वाटायचा. पाड्यातल्या बायाही आता ओळखून होत्या. लांब उभ्या राहून बघायच्या, जवळ यायच्या नाहीत. मोह तसाच गळायचा. एका वर्षी डोहसुद्धा आटला, तळाला चिखल आणि त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे. मॅडम म्हणाल्या, "पानी नसलं तर त्याले जागा ओळखू येईन का?" पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात शंका ऐकू आली.

नांदेडला मॅडमचे मामेभाऊ होते, वसंतराव. ते दरवर्षी एकदा येऊन तोच विषय काढायचे. माणूस बारा वर्षं परतला नाही तर त्याचा पालाशविधी करतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. वसंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की दिगू कुठेतरी अडकून राहिलाय आणि ताईसुद्धा. मॅडम त्यांना चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "जित्या मानसाचं कसं करू रे? उद्या दारात येऊन उभा राह्यला तर त्याले काय सांगू, तुले जाळून बसली म्हनून?"

बारा वर्षं होऊन गेली तरी त्या बधल्या नाहीत. मग गेल्या पावसाळ्यात त्यांना चालताना धाप लागायला लागली. हैदराबादच्या डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, जपून राहा म्हणाले. निवृत्तीही जवळ आली होती. एकटं राहू देणार नाही, मे महिन्यात नांदेडला न्यायचंच, असं वसंतरावांनी ठरवलं. मॅडमनी विरोध केला नाही. आणि या वर्षी कॅलेंडर आलं तेव्हा पान बघून झाल्यावर मला म्हणाल्या, "सर, वसंताले फोन करा. म्हनावं, भटजी घेऊन ये. डोहावरच करू."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"असे नोका पाहू," त्या म्हणाल्या. "मले नाई वाटत तो मेला म्हनून. आजबी नाई वाटत. पन मी गेल्यावर त्याचं करनारं कोनी नाई. तो तिकडं कुठं रस्त्यावर मेला असन, नाईतर पुढं मरन, त्याले बेवारस म्हनून टाकतीन. मी हाये तवर माह्या डोळ्यादेखत करून ठेवतो. लागलं तर लागलं, नाई लागलं तर नाई."

पाडव्याच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही गेलो. वसंतराव, भटजी, मॅडम आणि मी. पळसाला पानं कमी, फुलंच जास्त असतात त्या दिवसांत. सगळं रान पेटल्यासारखं दिसत होतं. पानं मिळवायला पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं मदत केली, कशाला हवीत ते न विचारता. भटजी सांगत गेले तशी वसंतरावांनी पानं मांडली. डोकं, हात, छाती, पाय. मॅडम खडकावर बसून बघत होत्या. मांडून झालं तशा उठल्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आखूड झाला."

भटजींना कळलं नाही.

"माहा भाऊ उंच होता. पाय वाढवा."

वसंतराव मान वळवून उभे राहिले. मी आणि म्हाताऱ्यानं आणखी पानं आणली. पाय लांब केले. मग त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, "हा, आता हाये." अग्नी वसंतरावांनी दिला. पानं सुकलेली नव्हती, धूर फार झाला. धुरानं आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मॅडमच्याही. ते धुराचंच होतं की आणखी कशाचं, ते मी सांगू शकत नाही.

परतताना वसंतराव आणि भटजी पुढच्या गाडीत होते, मॅडम माझ्याबरोबर. हमरस्त्याला लागलो आणि त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. फोन स्पीकरवर होता, त्यांना कानाशी धरून ऐकायला त्रास व्हायचा. पलीकडून एक माणूस तेलुगूत बोलत होता. जन्नारमच्या पुढे त्याचा चहाचा ठेला आहे. जुन्या कागदावर हा नंबर दिसला. एक माणूस दोन दिवसांपासून ठेल्यामागे बसून असतो. बोलत नाही. खूप उंच आहे.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. वय नाही, दाढी नाही, काही नाही. फोन हातात तसाच धरून त्या समोरच्या काचेतून बघत होत्या. माणूस विचारत होता, अम्मा, ऐकू येतंय ना?

"कादंडी," मॅडम म्हणाल्या. "मा तम्मुडु चनिपोयाडु." नाही हो, माझा धाकटा भाऊ वारला.

त्यानं हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवला. मी इंजिन बंद केलं होतं. म्हटलं, "मॅडम, जाऊन बघू या. दोन तासांचा रस्ता आहे."

"नोको."

"मी एकटा जातो."

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. शेजारून ट्रक जात राहिले. मग त्या म्हणाल्या, "चला सर, ऊन लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता जन्नारमला गेलो. ठेला सापडला. तो माणूस सकाळीच उठून कुठल्याशा ट्रकमध्ये बसून गेला होता, बहुधा मंचेरियालकडे. मी मंचेरियालपर्यंत गेलो, स्टेशनावर फिरलो, आणि परत आलो. तो दिगू होता की नव्हता, मला माहीत नाही. मॅडमना मी कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण त्या दिवशी मी कुठे होतो हे त्यांना कळलं असावं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि मी जेवून उठेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला वसंतराव त्यांना न्यायला आले. सामान थोडंच होतं. गाडीत बसताना त्यांना धाप लागली, मी हात दिला. निरोपाचं काही बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मॅडम, दिगूचं सगळं रीतसर झालं. आता तुम्ही निवांत राहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काच वर गेली.

आता आठ-पंधरा दिवसांनी फोन होतो. तब्येत उतरत चाललीय. नांदेडच्या उकाड्याविषयी बोलतात, वसंतरावांच्या नातवांविषयी बोलतात. भाऊ वारला, हे त्या एकदाच म्हणाल्या, एका परक्या माणसाला, तेलुगूत. मराठीत ते वाक्य त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.